पॅनोरामा पाठवला की त्याची पट्टी का होते? कारणं आणि उपाय

पाऊस लागला की बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्या ग्रुपांवर मोबाइल फिरवत काढलेले लांबलचक फोटो, म्हणजे पॅनोरामा, यायला लागतात. या टोकापासून त्या टोकापर्यंतचा गोकाकचा धबधबा, राजहंसगडावरून दिसणारं येळ्ळूरचं शिवार, हिडकलचं भरलेलं पाणी, चोर्ला घाटातलं धुकं. आणि जवळजवळ प्रत्येक फोटोखाली तीच विचारणा: "माझ्याकडं झक्क दिसायलाय, तुमच्याकडं पट्टी का व्हायलीय?" शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीनंतर हाच प्रश्न परत येतो. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला आणि मैदानभर उभ्या केलेल्या बॅचचा आडवा फोटो फिरायला लागला की पुन्हा येतो. उत्तरंही ठरलेली असतात: डॉक्युमेंट करून पाठव, एचडी दाब, दुसरं अ‍ॅप घाल. यातलं प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या वेळी बरोबर असतं, पण दुखणं कोणतं ते न बघता दिलेलं असतं. त्यामुळे एकाचं काम होतं आणि दुसऱ्याचं होत नाही. म्हणून सगळं एका जागी लिहितो.

आधी दुखणं ओळखा

"पट्टी दिसते" आणि "धुरकट दिसतो" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत फोटो शाबूत असतो, पण मोबाइलचा पडदा त्याला पुरत नाही. दुसरीत फोटोच वाटेत लहान झालेला असतो. बऱ्याच वेळा दोन्ही एकदम होतं आणि म्हणून गोंधळ उडतो.

ओळखायची सोपी रीत अशी. ज्याला फोटो पाठवला त्याला सांगा: उघड आणि दोन बोटांनी मोठा कर. गोकाकचा फोटो असेल तर झुलत्या पुलाकडे जा. पुलाचे दोर आणि त्यावरची माणसं वेगळी ओळखू येतात का? येत असतील तर फाइल धड पोहोचली आहे. अडचण फक्त पडद्याची आहे. पुलाच्या जागी राखाडी रेघ दिसत असेल तर फाइल वाटेत कापली गेली. मग दोघांनीही आपापल्या मोबाइलवर फोटोचा तपशील उघडून पिक्सेलमधली (फोटो ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो त्यांतली) लांबी आणि उंची बघा. एमबीचा आकडा बघू नका. तो फसवतो, कारण धुक्याचा फोटो मुळातच कमी एमबीचा असतो आणि झाडीचा जास्त. खरं सांगतात ते पिक्सेल.

हिशेब

पुढे सगळीकडे एकच उदाहरण वापरतो: १२००० पिक्सेल लांब आणि २००० पिक्सेल उंच असा पॅनोरामा. म्हणजे सहास एक. आजच्या मोबाइलवर असा फोटो सहज निघतो. आयफोनचा पॅनोरामा तर ६३ मेगापिक्सेलपर्यंत (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल) जातो.

गप्पांची बहुतेक अ‍ॅप फोटो लहान करताना लांब बाजूवर मर्यादा घालतात. समजा अ‍ॅपने ठरवलं की लांब बाजू २००० पिक्सेलच्या वर जाऊ द्यायची नाही. साधा ४००० बाय ३००० चा फोटो पाठवला तर तो २००० बाय १५०० होतो. पिक्सेल चौथाई उरले, पण मोबाइलच्या पडद्यावर कुणाला फरक कळत नाही. आता आपला पॅनोरामा त्याच नियमातून जाऊ द्या. लांबी १२००० वरून २००० म्हणजे सहा पट कमी. उंचीही तितकीच कमी होणार, ती २००० वरून ३३३ वर येते. एकूण पिक्सेल छत्तीसपट कमी झाले. नियम एकच, पण साध्या फोटोचा चौथा हिस्सा राहतो आणि पॅनोरामाचा छत्तिसावा. मूळ फोटोत ६० पिक्सेल उंच असलेला माणूस आता १० पिक्सेलांचा झाला. त्याचा चेहरा कुठून दिसणार?

यात दोष कॅमेऱ्याचा नाही, नेटवर्कचाही नाही. फोटो जितका लांबट, तितका हा नियम त्याला जास्त कापतो. म्हणून पॅनोरामा पाठवताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: पोहोचल्यावर उंची किती उरेल? एमबी किती, एचडी आहे का, अ‍ॅप कोणतं, हे सगळं त्याच्यानंतर. उरलेली उंची हजारच्या आसपास असेल तर फोटो बघण्यासारखा राहतो. तीनशे-साडेतीनशे उरली तर तो फक्त "आम्ही तिथं गेलो होतो" एवढंच सांगतो.

पडद्याचा हिशेबही करून ठेवा. उभ्या धरलेल्या मोबाइलची रुंदी साधारण १०८० पिक्सेल आणि सात सेंटिमीटर असते. आपला सहास एकचा फोटो त्यात पुरा बसवला की उंची १८० पिक्सेल, म्हणजे जेमतेम १.२ सेंटिमीटर. फाइल कितीही उत्तम असली तरी उभ्या मोबाइलवर ती पट्टीच दिसणार. मोबाइल आडवा केला तर अडीच सेंटिमीटरच्या आसपास मिळतात. म्हणून डॉक्युमेंट पाठवूनही "अजून पट्टीच दिसतीय" अशी तक्रार येते; फाइल पूर्ण पोहोचलेली असते, बघणाऱ्याने ती मोठी करून पाहिलेली नसते.

व्हॉट्सअ‍ॅपवर

आपल्याकडे नव्वद टक्के देवाणघेवाण इथेच होते, म्हणून हे जरा सविस्तर.

फोटो म्हणून पाठवला की वर सांगितलेली कापाकापी होते. २०२३ च्या ऑगस्टपासून पाठवताना वर एचडीचं बटण मिळतं. ते दाबा, फरक पडतो. पण एचडी म्हणजे मूळ फोटो नव्हे. तिथेही मर्यादा आहे, फक्त ती जास्त सैल. साध्या फोटोला एचडी भरपूर होतं. सहास एकच्या पॅनोरामाला ते अर्धवटच पडतं.

मूळ फाइल जशीच्या तशी पाठवायची तर पेपरक्लिपच्या खुणेवर जाऊन 'डॉक्युमेंट' निवडा आणि तिथून फोटोची फाइल उचला. २०२२ पासून या मार्गाने २ जीबीपर्यंतची फाइल जाते, म्हणजे पॅनोरामाला कशाचीच अडचण नाही. समोरच्याने तोच संदेश पुढे फॉरवर्ड केला तरी फाइल तशीच राहते. मात्र त्याने ती गॅलरीत साठवली आणि तिथून नव्याने 'फोटो' म्हणून पाठवली की पुन्हा कापाकापी. ग्रुपवर "माझ्याकडं चांगला आलता, पुढं गेल्यावर बिघडला" असं कुणी म्हणालं तर नेमकं हेच झालेलं असतं.

डॉक्युमेंटच्या वाटेवर तीन अडचणी येतात, त्या आधीच बघून घ्या.

पहिली आयफोनवाल्यांची. २०१७ पासून आयफोन फोटो हाइक (HEIC) या फाइलप्रकारात साठवतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की तो तसाच जातो आणि जुन्या अँड्रॉइडवर किंवा स्टुडिओतल्या जुन्या विंडोज संगणकावर उघडतच नाही. समोरच्याला वाटतं फाइल खराब आहे. पाठवण्याआधी सगळीकडे चालणाऱ्या जेपेगमध्ये (JPG) बदलून घ्या, किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्स इथे जाऊन सर्वांत जास्त चालणारा पर्याय निवडून ठेवा म्हणजे पुढचे फोटो जेपेगमध्येच निघतील.

दुसरी अडचण नेटवर्कची. कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला उभं राहून २०-२५ एमबीची फाइल चढवायला बसलात तर गोल फिरत राहणार. अशा वेळी फोटो स्वतः लहान करा, अ‍ॅपला करू देऊ नका. कुठल्याही फोटो-संपादकात लांबी ६००० वर आणली की उंची १००० राहते. जेपेगचा दर्जा शंभरपैकी ८०-८५ ठेवला की फाइल थोडक्या एमबीत बसते. तीच डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फोटो घरी वायफायवर आल्यावर पाठवता येतो.

तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. फोटो म्हणून पाठवलं की त्यातली ठिकाणाची माहिती गळून जाते. डॉक्युमेंटमध्ये ती तशीच राहते. फोटो कुठे उभं राहून काढला त्याचे अक्षांश-रेखांश फाइलमध्ये असतात. राजहंसगडावरून काढला असेल तर हरकत नाही, गड सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण शेतघराच्या गच्चीवरून काढलेला फोटो दोन-तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकताना घराचा पत्ताही टाकतोय, हे लक्षात ठेवा. शेअर करताना लोकेशन काढून टाकायची सोय आयफोनमध्ये आणि बऱ्याच अँड्रॉइडच्या गॅलरीत असते.

टेलिग्रामवरही हीच कथा आहे: फोटो म्हणून दिला की लहान होतो, फाइल म्हणून दिला की २ जीबीपर्यंत जसाच्या तसा. ईमेलने पाठवत असाल तर जीमेलची मर्यादा २५ एमबी धरा, पण जोडलेली फाइल पाठवताना सुमारे तिसऱ्या हिश्शाने फुगते, म्हणून १८ एमबीच्या वर गेलात की लिंक द्यायची तयारी ठेवा.

ग्रुपवरचा फोटो फ्लेक्सला देऊ नका

हे वेगळं लिहितो, कारण यात लोकांचे पैसे जातात. गावच्या जत्रेसाठी किंवा मंडळासाठी गडाचा, देवळाचा लांब फोटो फ्लेक्सवर हवा असतो. कार्यकर्ता ग्रुपवरून फोटो उतरवतो आणि छपाईवाल्याकडे देतो. दहा फुटी फ्लेक्स म्हणजे १२० इंच. मूळ १२००० पिक्सेलांचा फोटो दिला तर इंचाला १०० पिक्सेल मिळतात, लांबून बघायच्या फ्लेक्सला ते उत्तम. ग्रुपवरून उतरवलेला २००० पिक्सेलांचा दिला तर इंचाला १७ सुद्धा मिळत नाहीत. गडाचे बुरूज चौकोनी ठोकळे दिसतात. छपाईवाल्याला दोष देऊन उपयोग नाही. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्या.

पट्टी टाळायची तर

फाइल नीट पोहोचली, तरी उभ्या मोबाइलवर ती पट्टीच दिसते, हे वर पाहिलं. त्यावरचा माझा पहिला उपाय लोकांना आवडत नाही, पण तो सगळ्यांत जास्त चालतो: फोटोच्या डाव्या-उजव्या कडा कापा. मोबाइल फिरवत फिरवत आपण जे घेतो त्यातलं निम्मं फारसं कामाचं नसतं. गोकाकचंच घ्या. धबधबा ५२ मीटर उंचीवरून पडतो आणि कडा घोड्याच्या नालेसारखी वळलेली आहे. दोन्ही बाजूंचा खडक आणि त्यापुढची झुडपं काढून फक्त ती वळलेली कडा ठेवली तर फोटो तिनास एकपर्यंत येतो. मग तोच २००० चा नियम लागला तरी उंची ६६६ उरते, म्हणजे आधीच्या दुप्पट, आणि उभ्या पडद्यावरही तो दुप्पट उंच दिसतो. जे दाखवायचंय तेवढंच ठेवलं की फोटोही बरा होतो.

काही दृश्यं मात्र कापता येत नाहीत. गडावरून एका बाजूला बेळगाव शहर आणि दुसऱ्या बाजूला भातशेती, हे नातंच दाखवायचं असेल तर रुंदी हवीच. त्यासाठी पुढचे दोन मार्ग.

इन्स्टाग्रामवर तुकडे

इन्स्टाग्राम पोस्टमधला फोटो १०८० पिक्सेल रुंदीवर आणतं आणि आडव्या फोटोला १.९१:१ च्या पुढे जाऊ देत नाही. म्हणून सहास एकचा फोटो टाकला की एक तर दोन्ही टोकं जातात, नाहीतर तुम्ही आधीच वर-खाली मोकळी जागा भरून तो बसवता आणि मधे १८० पिक्सेलांची रेघ उरते.

तुकडे करून सरकवायची पोस्ट हा यावरचा खरा उपाय. एका पोस्टमध्ये बरीच वर्षं १० फोटो चालायचे, २०२४ पासून २० चालतात. उभा तुकडा चारास पाचचा ठेवा, म्हणजे १०८० बाय १३५०. आपल्या फोटोची उंची २०००, म्हणजे चारास पाचच्या तुकड्याची रुंदी १६००. १२००० ला १६०० ने भागलं की साडेसात येतात. अर्धा तुकडा चालत नाही, म्हणून आधी ११२०० पर्यंत कापून घ्या आणि बरोबर सात तुकडे करा. मग प्रत्येक तुकडा १०८० बाय १३५० वर आणा. जो फोटो पडद्यावर १८० पिक्सेल उंच दिसत होता तो आता १३५० उंच दिसतो. बोटाने सरकवलं की गडावर उभं राहून मान फिरवावी तसं दृश्य पुढे जातं.

जिम्प हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर असेल तर त्यात १६००, ३२००, ४८०० असे उभे गाइड (मदतीच्या रेघा) आखून गाइडनुसार तुकडे करायची आज्ञा दिली की सातही फाइली तयार होतात. मोबाइलवरही यासाठी अ‍ॅप आहेत, पण त्यातली काही तुकडे करताना फोटो गुपचूप लहान करतात. तयार तुकड्याचे पिक्सेल तपासल्याशिवाय टाकू नका.

तुकडा कुठे पडतो ते डोळ्यांनी बघा. मिरवणुकीच्या फोटोत चित्ररथावरच्या महाराजांच्या मूर्तीवरून रेघ जाणार असेल तर सगळा फोटो थोडा डावीकडे-उजवीकडे सरकवून पुन्हा कापा. ८०० पिक्सेल काढायचेच होते, ते कोणत्या बाजूने काढायचे ते आपल्या हातात आहे. माणसांच्या चेहऱ्यांचंही तेच. सगळे तुकडे एकाच आकाराचे असू द्या, कारण पहिल्याचा आकार बाकीच्यांना लागू होतो आणि एखादा वेगळा असला तर त्याची कड कापली जाऊन जोड तुटतो. शेवटी एक जादा चौकट ठेवून त्यात पूर्ण फोटो छोटा करून लावला तर बघणाऱ्याला एकूण दृश्य कसं होतं तेही कळतं.

सावकाश फिरणारा व्हिडिओ

वयस्क मंडळी तुकडे सरकवत बसत नाहीत, फोटो मोठाही करत नाहीत. आमच्याकडच्या आजी-आजोबांना, परगावी असलेल्या मामा-मावशींना दाखवायचं असेल तर पॅनोरामावरून सावकाश सरकणारा व्हिडिओ सगळ्यांत चांगला. स्टेटसलाही तो चालतो.

इथे बिघडतं ते वेगामुळे. सिनेमातले कॅमेरामन एक जुना अंदाज पाळतात: एखादी वस्तू पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला किमान सात सेकंद लागली पाहिजेत, नाहीतर दृश्य झटके खातं. आपल्या फोटोला ते लावून बघू. आडवा १९२० बाय १०८० चा व्हिडिओ करायचा तर फोटो १०८० उंचीवर आणल्यावर लांबी ६४८० होते. पडदा १९२० चा, म्हणजे सरकायचं अंतर ४५६०. सात सेकंदांना एक पडदा या वेगाने सुमारे १७ सेकंद लागतात. तोच व्हिडिओ उभा, १०८० बाय १९२० चा केला तर फोटो ११५२० लांब होतो आणि वेळ जातो ६८ सेकंदांवर. एवढा वेळ स्टेटस बघत कुणी थांबत नाही. म्हणून सहास एकच्या फोटोला आडवा व्हिडिओ घ्या, किंवा उभ्या व्हिडिओसाठी फोटोचा एखादाच तिसरा हिस्सा निवडा.

दुसरी अडचण: झाडी, भाताची रोपं, पाण्याचे तुषार व्हिडिओत चमचम करायला लागतात. मोठ्या फोटोवरून थेट छोटा व्हिडिओ काढला की हे होतं. आधी फोटो नेमक्या उंचीवर लहान करून साठवा आणि त्या लहान फोटोवरून व्हिडिओ करा. चमचम बरीच जाते.

फेसबुकवर फोटो वाकडा किंवा फिरता होतो

२०१६ पासून फेसबुक ३६० अंशी फोटो ओळखून फिरता दाखवायला लागलं. कॅमेरा फाइलमध्ये जी माहिती लिहितो ती वाचून ते ठरतं. साध्या अर्ध्या वर्तुळाच्या पॅनोरामातही ही माहिती असली तर तो फिरता फोटो समजला जातो, आणि मग क्षितिज वाकतं, कडेचं दृश्य ताणलं जातं. उपाय म्हणजे फाइलमधली ती माहिती काढणं. एक्झिफटूल या मोफत साधनाने ती पुसता येते, किंवा फोटो संपादकातून माहिती न जोडता नव्याने साठवा.

उलट तक्रारही येते: "३६० अंशी फोटो काढला, पण सपाट दिसतोय." तो फोटो आधी व्हॉट्सअ‍ॅपवरून 'फोटो' म्हणून आलेला असतो आणि वाटेत ती माहिती गळलेली असते. मूळ फाइल घ्या. पूर्ण गोलाचा फोटो बरोबर दोनास एक लागतो, तेवढंही तपासा.

फोटो चढतच नाही, किंवा काळा चौकोन येतो

ही तक्रार कॅमेऱ्याने ओळीने फोटो काढून ह्युगिनसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडणाऱ्यांची. त्यांचे पॅनोरामे ३०-४० हजार पिक्सेलांच्या पुढे जातात. इथे मर्यादा फाइलप्रकाराचीच असते. जेपेगची एक बाजू ६५,५३५ पिक्सेलच्या पुढे जाऊच शकत नाही. वेबसाइटवर वापरल्या जाणाऱ्या वेबपी (WebP) या प्रकाराची मर्यादा त्याहून बरीच कमी, १६,३८३. फोटोशॉपची साधी पीएसडी फाइल ३०,००० वर थांबते, पुढे पीएसबी प्रकार घ्यावा लागतो. "वेबपी करताना एरर येतो" म्हणणाऱ्यांनी आधी लांबी बघावी.

काळा किंवा कोरा चौकोन येत असेल तर कारण बहुधा ब्राउझरमध्ये आहे. पुष्कळ साइट फोटो चढवण्याआधी ब्राउझरमध्येच लहान करतात. आयफोनच्या सफारीत बरीच वर्षं या कामासाठी १,६७,७७,२१६ पिक्सेलांची मर्यादा होती. आपला १२००० बाय २००० चा फोटो २ कोटी ४० लाखांचा. अशा जुन्या सफारीत तो त्या मर्यादेत बसत नाही आणि कोरा जातो. संगणकावरून चढवा, किंवा आधीच १६ मेगापिक्सेलच्या खाली आणा.

लिंक द्यायची असेल तर

मोठा पॅनोरामा दाखवायचा सगळ्यांत चांगला मार्ग माझ्या मते हाच: फोटोचे छोटे चौकोन करून ठेवायचे आणि बघणारा जिथे मोठं करेल तेवढेच चौकोन त्याच्याकडे जायचे. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये हेच चालतं. आपला फोटो २५६ पिक्सेलांच्या चौकोनांत तोडला तर आडवे ४७ आणि उभे ८, म्हणजे ३७६ होतात. लहान आकाराचे थर धरून एकूण पाचशेच्या आसपास. पण मोबाइलच्या पडद्यावर एका वेळी त्यातले चाळीस-पन्नासच लागतात, म्हणून कमी नेटवर्कवरही फोटो उघडतो आणि खोलवर मोठा करता येतो.

व्हिप्स हे मोफत साधन एका आज्ञेत हे सगळे चौकोन करून देतं आणि ओपनसीड्रॅगन हा मोफत दर्शक ते पानावर दाखवतो. पूर्ण गोलाच्या फोटोसाठी पॅनेलम आहे. जिल्ह्यातल्या मंदिरांचे, गडांचे फोटो सगळ्यांनी वापरावेत अशी इच्छा असेल तर विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याखाली मूळ आकारात चढवा. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरासारख्या कदंबकालीन वास्तूंचे मोठे, स्वच्छ फोटो तिथे जितके वाढतील तितके शाळांतल्या पोरांच्या कामाला येतील.

हलशीवरून आठवलं. मंदिराच्या आवाराची सरळ भिंत पॅनोरामात धनुष्यासारखी वाकलेली दिसते, किंवा मिरवणुकीतल्या एका माणसाला तीन पाय येतात, याचा पाठवण्याशी संबंध नाही. मोबाइल फिरत असताना फोटो वर्तुळावर पसरवला जातो, म्हणून सरळ रेघ वाकते. आणि त्या वेळात माणूस हलतो, म्हणून तुटतो. पाठवून, डॉक्युमेंट करून हे जाणार नाही. भिंतीपासून मागे सरका, आणि चालत्या गर्दीचा पॅनोरामा काढण्याऐवजी थोडं लांब जाऊन साधा रुंद फोटो घ्या.

रंग फिके पडत असतील, विशेषतः भाताचा हिरवा रंग आयफोनवर ताजा आणि दुसरीकडे मळकट दिसत असेल, तर फोटो साठवताना रंगांचा प्रकार एसआरजीबी (sRGB), म्हणजे बहुतेक पडद्यांवर चालणारा साधा रंगपट्टा, निवडा. आयफोन त्याहून रुंद रंगपट्टा वापरतो आणि फाइलमधली रंगांची खूण वाटेत गळली की रंग बिघडतात.

मूळ फाइल

गूगल फोटोजमध्ये जागा वाचवायचा पर्याय चालू असेल तर १६ मेगापिक्सेलच्या वरचे फोटो तितक्यावर आणले जातात. आपला पॅनोरामा साधारण ९८०० बाय १६३० होतो. बघायला वाईट नाही, पण मूळ फोटो मोबाइलवरून पुसला तर तो गेलाच. पॅनोरामे तरी मूळ दर्जात ठेवा. ते मोफत १५ जीबीत मोजले जातात, म्हणून पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर वेगळी प्रत काढलेली बरी.

हे मी कळकळीने सांगतोय. शहापूर-वडगावच्या शिवाराचे, हलगा-मच्छे बायपासच्या कामाआधीचे लांब फोटो काही जणांनी काढले होते. बांध कुठे होता, विहीर कुठे होती, कुणाचं शेत कुठवर होतं, हे अशा रुंद फोटोत एकदम दिसतं, दुसऱ्या कशात दिसत नाही. त्यातले किती मूळ आकारात उरलेत आणि किती फक्त ग्रुपवरच्या पट्ट्या होऊन उरलेत, हे ज्याचं त्याने आपल्या मोबाइलवर आजच बघावं. कुणाकडे मूळ फाइल असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून निदान आणखी दोघांकडे द्यावी.

मदत मागताना काय लिहायचं

"फोटो बिघडला" एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. मूळ फोटोची लांबी आणि उंची पिक्सेलमध्ये लिहा, पोहोचलेल्या फोटोचीही लिहा. कोणत्या अ‍ॅपवरून पाठवला, फोटो म्हणून की डॉक्युमेंट म्हणून, आणि मधे कुणी फॉरवर्ड केला होता का, तेही लिहा. फाइल जेपेग आहे की हाइक, एवढं एक बघा. स्क्रीनशॉट पाठवू नका. त्यात तुमच्या पडद्याचे पिक्सेल येतात, फोटोचे येत नाहीत, आणि मग बिघाड नेमका कुठे झाला ते शोधता येत नाही.